सर्जेरावच्या पोटातली पाण्याची गाठ

माझी शेवटची पोस्टिंग काश्मीरमधल्या एका उंच पोस्टवर होती. मी डॉग हँडलर, राहणार उंब्रज. माझ्या ताब्यात बिजली नावाची लॅब्राडॉर कुत्री होती. पुरलेली स्फोटकं हुंगून काढणं हे तिचं काम. पोस्टवर इन्फन्ट्रीची एक प्लाटून होती आणि तिच्यात नाईक सर्जेराव होता. त्याचं गाव मेढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात. दोघंही सातारा जिल्ह्यातले. पहिल्याच दिवशी तो मला ‘गड्या’ म्हणाला आणि माझ्या डब्यातली चटणी संपवून गेला.

आर्मीत कुत्र्याची शिस्त जवानापेक्षा कडक असते. सकाळी ग्रूमिंग, मग कान, दात, पंजे तपासायचे. ठरल्या तारखेला जंताची गोळी द्यायची आणि नंतरची विष्ठा जाळून टाकायची. लंगरमध्ये, म्हणजे पोस्टच्या स्वयंपाकघरात, बकरा कापला तर कच्चा तुकडासुद्धा तिच्यापुढे पडता कामा नये. सर्जेरावला याची मोठी गंमत वाटायची.

“माझ्या आयनं माझी येवढी काळजी घेतली न्हाई रं,” तो म्हणायचा.

“तू कुठं बारूद हुंगतोस?” मी म्हणायचो.

त्या हिवाळ्याच्या तोंडाला त्याचं जेवण कमी झालं. उजव्या बरगडीखाली जड वाटतं म्हणायचा. ओवा चघळायचा, बाम चोळायचा.

“सिक रिपोर्ट कर,” मी म्हणालो.

“आन क्याटेगरी लागली तर? हवालदार व्हायची क्याडरची परीक्षा तोंडावर आलीय. नाईक म्हणूनच घरी धाडतोस व्हय मला?”

सिव्हिलियन माणसाला हा मूर्खपणा वाटेल. मेडिकल कॅटेगरी खाली आली की प्रमोशन अडकतं, हे आमच्याकडं पोरांना भरतीआधीच माहीत असतं. सर्जेरावचे वडील, आबा, हवालदार म्हणून रिटायर झाले होते. बापाएवढ्या तीन फिती लावून गावात शिरायचं, एवढंच त्याचं स्वप्न. मी त्याला तीनदा टोकलं. चौथ्यांदा त्यानं माझ्याशी बोलणं बंद केलं, दोन दिवस. मग पुन्हा चटणी मागायला आला.

एक दिवस सकाळी आमची गस्त निघाली. पुढं बिजली आणि मी, मागं सर्जेरावचा सेक्शन. बारूद हुंगली की बिजली तिथंच खाली बसायची. त्या दिवशी रस्ता साफ होता, ती कुठंही बसली नाही. परतताना एका ओल्या खडकावरून सर्जेराव घसरला आणि पुढच्या दगडावर उजव्या कुशीवर आदळला. लगेच उठला, हसलासुद्धा. “काय न्हाई, चला,” म्हणाला.

थोडं पुढं गेल्यावर तो अंग खाजवायला लागला. मानेवर, हातांवर लाल गांध्या उठल्या. ओठ सुजले. मग तो खाली बसला आणि त्याला श्वास घेता येईना. नर्सिंग असिस्टंटनं इंजेक्शन दिलं. मी रेडिओ ऑपरेटरच्या शेजारीच उभा होतो.

“एक कॅज्युअल्टी. साँस नहीं ले पा रहा. ओव्हर.”

“गोली लगी है? ओव्हर.”

“नहीं. गिरा है. ओव्हर.”

“वेदर बंद है, हेली नहीं आएगा. पैदल लाओ. ओव्हर.”

स्ट्रेचर आळीपाळीनं उचललं. दुसरं इंजेक्शनही झालं. माझी पाळी आली तेव्हा त्यानं माझी बाही धरली. “आबास्नी सांगू नगं, पाय घसरला म्हून,” एवढंच बोलला. खालचा गाडीरस्ता दिसायला लागला त्याच्या आधीच तो गेला. धुकं दुपारी निवळलं. त्या स्वच्छ आभाळाचा मला आजही राग येतो.

पोस्टमॉर्टेम झाल्यावर डॉक्टर कॅप्टन मॅडमनी आम्हाला बोलावून समजावलं. सर्जेरावच्या यकृतात नारळाएवढी पाण्याची गाठ होती. आपटल्यावर ती फुटली आणि आतलं पाणी अंगात विषासारखं भिनलं. ही गाठ एका बारीक फीतकृमीची. तो कुत्र्याच्या आतड्यात राहतो. त्याची अंडी विष्ठेतून पडतात, केसांना चिकटतात, तिथून माणसाच्या हाताला आणि तोंडात जातात. तीच अंडी चाऱ्यातून शेळ्यामेंढ्यांच्या पोटात गेली की त्यांच्या काळजाला, फुप्फुसाला पाण्याचे फोड येतात. ते फोड कुत्र्यानं खाल्ले की पुन्हा किडा तयार. जंगलात सांबर आणि कोल्ह्या-कोळसुंद्यांमध्येही असलेच फेरे चालतात. मॅडम म्हणाल्या, एवढी गाठ व्हायला वर्षानुवर्षं लागतात, हा लहानपणी घरून घेऊन आला असणार. वेळेत सोनोग्राफी झाली असती तर ऑपरेशननं वाचला असता.

तरी बिजलीला तपासणी होईपर्यंत वेगळं बांधलं. सर्जेरावच्या पोटात गाठ धरली तेव्हा तिचा जन्मसुद्धा झाला नव्हता. रिपोर्ट स्वच्छ आला. पण त्याआधीच कुणीतरी गावाकडं फोन केला होता : सर्जेराव कुत्र्याच्या किड्यानं मेला. पोस्टवर कुत्री एकच. पुढचं गावानं आपल्या मनानं जुळवलं.

रिटायर झाल्यावर मी त्याच्या गावच्या यात्रेला गेलो. वेशीजवळ गावातल्या शहिदांच्या नावांचा दगड आहे. त्यावर सर्जेराव नाही. गावच्या कमिटीचं म्हणणं, तो लढाईत नाही, आजारानं गेला. ड्यूटीवर, वर्दीत, रायफल गळ्यात असताना गेलेला माणूस कुठल्या खात्यात धरायचा, हे त्यांनी चहा पीत ठरवलं होतं.

आबांनी त्या दिवशी सर्जेरावच्या नावानं बकरा कापला होता. परड्यात सोलणं चाललं होतं. कापणाऱ्यानं फुप्फुस बाहेर काढलं. त्यावर पाण्याचे टपोरे फोड होते. त्यानं ते दारातल्या कुत्र्याकडं भिरकावलं. मी धावलो आणि कुत्र्याच्या तोंडातून ते ओढून काढलं.

“आबा, खोल खड्डा घ्या, ह्ये पुरायला पायजे,” मी म्हणालो. “ह्याच फोडानं आपला सर्जेराव गेला.”

आबा शिस्तीचा माणूस. आवाज चढवला नाही.

“तुमच्या कुतरीनं माझं पोरगं खाल्लं,” ते म्हणाले. “आन आता माझ्या दारातल्या मुक्या जनावराच्या तोंडचा घास काढता व्हय?”

“आवं आबा, बिजलीचा रिपोर्ट...”

“ठिवा तिकडं रिपोर्ट. पोरगं माझं गेलं.”

परड्यातली माणसं माझ्याकडं बघत होती. एकानंही कुदळ हातात घेतली नाही. मीच शोधली, परड्याच्या कोपऱ्यात खड्डा खणला, फुप्फुस पुरून वर मोठा दगड ठेवला. कुत्रं दगडाभोवती फिरत राहिलं. पुढच्या यात्रेला इथं दगड ठेवायला मी नसणार, हे मला कळत होतं. मनात आलं, बाँब हुंगून काढणं सोपं होतं.

हात धुवायला नळावर गेलो. सर्जेरावची मुलगी ओसरीवर बसून त्याच कुत्र्याच्या मानेत बोटं घालून खाजवत होती. शेजारी तिची भाकरी. मी तिला उचलून नळावर आणली आणि तिचे हात साबणानं कोपरापर्यंत धुतले. तिनं धुऊ दिले. सर्जेरावचीच भुवई, सर्जेरावचंच बघणं.

“काका,” तिनं विचारलं, “तुमची कुतरी माझ्या पप्पास्नी चावली व्हती?”

“न्हाई गं बाळा. त्यो तर तिचा दोस्त व्हता.”

“मग पप्पा कशानं मेलं?”

मी सांगायला तोंड उघडलं. आबांनी आतून हाक मारली आणि पोरगी ओल्या हातांनीच पळाली. जाताना तिनं कुत्र्याला मिठी मारली.