उकिरड्यातला गुलाल

माझ्या पणतीच्या जावळाची पंगत बसली होती, अर्धी माणसं पाणी पिऊनही झाली होती, आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की पांढऱ्या प्लास्टिकच्या ग्लासातलं पाणी गुलाबी आहे. एका बाईनं "विहिरीत औषध कालवलं गं!" म्हणून बोंब ठोकली. दोन पाहुणे घशात बोटं घालत परसाकडे पळाले. ज्याच्या त्याच्या पोटात काहीतरी व्हायला लागलं. आणि माझा धाकटा दीर, वय सत्तरच्या पुढं, पत्रावळीवरून उठून दोन्ही हात वर करून नाचायला लागला. "सापडलं! वैनी, तुमचाच गोठा! तुमचाच!" वाईट बातमी इतक्या आनंदानं सांगणारा माणूस मंगळवेढ्यापासून सोलापूरपर्यंत दुसरा झाला नाही.

तसा माणूस सरळ. शेती चांगली, बायको चांगली, फक्त डोक्यात उकिरडा. गोठ्याचं पाणी जमिनीत मुरतं आणि विहिरीत उतरतं, हे त्याला कुठल्याशा शेतकरी मेळाव्यात कळलं आणि त्या दिवसापासून तो बिघडला. कुणाच्याही घरी गेला की पाणी आधी हुंगायचा, मग तोंडात घोळवत डोळे मिटायचा, मग विचारायचा, "गोठा वरच्या अंगाला हाय का खालच्या?" एक जर्शी दिवसाला किती मुतते ते मोजायला माझ्या गाईंमागं बादली घेऊन फिरायचा. गाई बिचाऱ्या अवघडून रोखून धरायच्या. मुलाला मुलगी बघायला नातेपुत्याला गेला, तर तिथंही परसात चक्कर मारून आला आणि घरी येऊन म्हणाला, "सोयरीक पक्की. उकिरड्याला खालनं शिमीट हाय." जाऊबाईंनी विचारलं, "आन् पोरगी?" "ती बी असंल की."

माझ्याशी त्याचं भांडण ठरलेलं. माझ्या बारा जर्शी. त्यांचं शेण आणि गोठा धुतलेलं पाणी विहिरीच्या वरच्या अंगाला खड्ड्यात जायचं. खड्डा सासूच्या वेळचा. सासूच्या दोनच म्हशी होत्या, हे मी सोयीनं विसरले होते. "भावजी, हेच पाणी पिऊन मी म्हातारी झाले," मी म्हणायची. "तुमाला इख बी पचतंय वैनी. त्या पोरीचं बघा." पोरीचं खरं होतं. जुलाब होऊन दोनदा सलाईन लागलं होतं. पाणी उकळून द्या असं डॉक्टर म्हणाले, ती मला थेरं वाटली. नातसुनेनं सांगूनच टाकलं होतं, "आजी, जावळ झालं की मी हिला घेऊन म्हायेरी जाणार. पाणी सुधारलं की बोलवा."

म्हणून दिरानं निवडणुकीच्या मिरवणुकीतला उरलेला अर्धं पोतं गुलाल कुणाला न सांगता माझ्या खड्ड्यात ओतला. "परीक्षा काय सांगून घेत्यात व्हय?" मुरमातून झिरपायला महिना लागेल असा त्याचा अंदाज होता. चार दिवसांत उतरला. आणि पंगतीला जारचं पाणी आणू नका, आमची विहीर आहे, असं बजावणारी मीच होते.

नातसून संध्याकाळच्या एसटीनं गेली. पोर तिच्या खांद्यावरून माझ्याकडं बघत होती, डोकं नुसतं तुळतुळीत. मी दिराला म्हटलं, "कुठं खणायचा, दाखवा." तो आखणीला फक्कीची पाटी घेऊन तयारच होता. विहिरीपासून लांब, उताराला नवा खड्डा खणला, त्यात शेततळ्याला घालतात तो प्लास्टिकचा जाड कागद अंथरला, गोठ्यापासून तिथवर पाइप टाकला. जुना खड्डा खरवडून शेण रानात पांगवलं. विहीर तीनदा उपसली. सगळा उन्हाळा मी तोंड वाकडं करून जारचं पाणी प्यायले. पावसाळा सरल्यावर त्यानं नव्या खड्ड्यात पुन्हा गुलाल ओतला आणि महिनाभर रोज सकाळी पांढरा कप घेऊन विहिरीवर उभा राहिला. पाणी नितळच. सोलापूरला तपासायला दिलं, तिथूनही चांगलं आलं. तेव्हा त्यानं स्वतः नातसुनेला फोन केला, आवाज अगदी पडलेला. "ये गं बाय. नावं ठिवाया आता काय बी उरलं न्हाय."

दिवाळीला पोर घरी आली. संक्रांतीच्या आधी दीर गेला, छातीत कळ येऊन, बसल्या जागी. मी रडले नाही, मला ते जमत नाही. त्या वर्षातून पोर वाचली. आता बालवाडीत जाते. मीही आहे अजून.