देवाचा नग

उसाला दारं धरली होती तेव्हा शैलाचा फोन आला. शैला म्हणजे माझा दोस्त दिनकर याची लेक. "तात्या, आबा गेलं," एवढंच बोलली. मी खोरं तिथंच टाकलं आणि पलूसची वाट धरली. मागं बांध फुटून पाणी शेजाऱ्याच्या रानात गेलं. एरवी बांधावरून कोर्टात जाणारा माणूस, पण त्यानं आजवर एक शब्द काढलेला नाही. दिनकर कोण होता ते त्यालाही ठाऊक.

मी चौथी शिकलेला. दिनकरवर हे लिहायला बसलो तर नात म्हणाली, तुम्ही सांगा, मी लिहिते. म्हटलं, दोस्त माझा, लिहिणार मी. चुका असतील तर छापणाऱ्यांनी सुधाराव्यात, माझी मतं मात्र सुधारू नयेत.

दिनकर आणि मी एका वर्गातले. मी रानात राहिलो, तो आयटीआय करून कोयनानगरला प्रकल्पाच्या वर्कशॉपात लागला. पुढं नोकरी सोडून पलूसला स्वतःचं वर्कशॉप काढलं. आधी पंपाचे भाग करायचा, ते मला कळायचं. मग सरकारच्या उपग्रहांचे भाग करायला लागला. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, हाताच्या पंज्यात मावतील एवढ्या. उपग्रहाच्या आतली यंत्रं त्यांच्यावर बसवतात म्हणे. मी तोंडावर सांगायचो, "सरकार आभाळात पैसा उधळतंय आन् आमच्या मोटरीला दिवसा लाईट न्हाई." तो हसायचा. "गड्या, पाऊस कवा येणार ते मोबाईलवर बघतोस. ते काय कावळा सांगतोय व्हय तुला?" मी म्हणायचो, माझा अंदाज तुझ्या उपग्रहापेक्षा बरा हाय. हे भांडण कधी मिटलं नाही. दोघांनाही मिटवायचं नव्हतं...

मग सरकारी काम आटलं. लेथ झाकून ठेवायची वेळ आली. मी म्हणालो, वर्कशॉप विक, ऊस लाव. त्यानं चहाची बशी खाली ठेवली. "ऐक. आजवर सरकार सवता म्हस पाळत हुतं. एकच, पण लय मोठी, वर्सानुवर्सं जपून वाढवायची. आता म्हणतंय, म्हस तुमी पाळा, आमी दूध इकत घेतो. म्हणून खाजगी कंपन्या आल्यात. त्या ल्हान ल्हान उपग्रह करत्यात, पोल्ट्रीतल्या पिलांवानी, एका येळी घोळकाच. आन् त्यांना समदं उद्याच पायजे."

"मग सरकारनं म्हस सोडल्यावर तू काय करणार?"

"म्हस कुणाची बी असू दे, दावं लागतंच की. मी दावं करतो."

मला पटलं. तसं बोललो मात्र नाही.

एका खाजगी कंपनीचं काम त्यानं धरलं. सरकारी माल नुसता कातून द्यायचा, धुणं-पुसणं तिकडं व्हायचं. या कंपनीला धुतलेला, पिशवीत बंद केलेला, नेला की बसवला असा माल हवा होता. त्यापायी मागची खोली बंद करून एसी बसवला. टोपी आणि हातमोजे घातल्याशिवाय आत जायचं नाही. बाईसारखी ती टोपी मी काही घातली नाही, म्हणून ती खोली मी कायम काचेतूनच पाहिली. पहिला माल पटला तर पुढची कामं, नाहीतर वर्कशॉपाला कुलूप. हे त्यानं मला सांगितलं, घरात नाही.

माल तयार झाला आणि खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्यात विळ्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्याला हळदकुंकू लागतं. वर्कशॉपातली पूजा दिनकरची बायको कमलवहिनी पहिल्या लेथपासून करत आलेल्या. त्यांना वाटलं, यंत्राला कुंकू आणि यंत्रातनं निघालेल्या मालाला का नको? एकेक पिशवी उघडून त्यांनी सगळ्या नगांना बोट टेकवलं आणि पिशव्या परत नीट चिकटवल्या.

कंपनीचा साहेब माल बघायला आला तेव्हा मी तिथंच चहा पीत होतो. "काका, हे लाल काय आहे?"

"कुंकू," दिनकर म्हणाला. "धुऊन देतो."

"सांदीत गेलेलं निघणार नाही, काका. वर गेल्यावर याचे कण सुटतात आणि कॅमेऱ्याच्या काचेवर बसतात. यातला एकही नग चालणार नाही."

वहिनी दारात उभ्या होत्या, तोंड उतरलेलं. मला वाटलं, दिन्या आता पेटणार. तो साहेबाला म्हणाला, "दिवाळीच्या आत दुसरा माल देतो." मग वहिनींकडं वळला. "आगं, हितनं म्होरं दर कामाला एक नग जादा काढतो. त्यो तुझ्या देवाचा. त्याला काय लावायचं ते लाव. बाकीच्यांस्नी हात लावू नगंस."

दिवाळीच्या आत माल गेला. पटला. त्यानंतर प्रत्येक कामाला एक नग जादा निघाला, आणि वहिनींच्या देव्हाऱ्याखाली कुंकवानं माखलेल्या पट्ट्यांची रांग लागली.

सांगलीच्या दवाखान्यात शेवटचं भेटलो तेव्हा तो म्हणाला, "आता तरी म्हण, सरकारनं पैसा बऱ्या जागी घातला." मी म्हणालो, "दिवसा लाईट दिली की म्हणतो." हसता हसता त्याला ठसका लागला, नर्सनं मला बाहेर काढलं...

यंदाच्या खंडेनवमीला त्यांच्यात सण नव्हता. वर्षभर नसतो. वर्कशॉप आता शैला चालवते, हातात काम आहे. ती जादा नग घेऊन माझ्या दारात आली, मागं वहिनी. "तात्या, आमच्यात पूजा न्हाई. ह्याला तुमी कुंकू लावा." वहिनी भिंतीकडेला लांब बसल्या. मी ताट त्यांच्यासमोर नेऊन ठेवलं.

"वहिनी, ह्या नगाला आजवर दुसऱ्या कुणी बोट लावलंय?"

"आवं भावजी, आता मी कसं..."

"दिन्यानं त्यो तुमच्या देवाचा म्हणून काढलाय. मी लावलं तर वर गेल्यावर मला झोडपंल त्यो."

माझी सूनबाई काही बोलायला गेली, मी नुसतं बघितलं. वहिनींनी पदराला बोट पुसलं. मग लावलं कुंकू, आधी चारी कोपऱ्यांना, मग मधोमध.

तो नग त्या माझ्याकडंच ठेवून गेल्या. खिडकीत ठेवलाय. त्याच्या बरोबरचे आभाळात जाणार आहेत, हा हितंच राहणार. सकाळी नात मोबाईलवर पाऊस बघते, मी बाहेर ढग बघतो. अंदाज अजून माझाच बरा निघतो. निघाला की खिडकीकडं तोंड करून तसं सांगतो त्याला.