साठेसाहेबांचा तांब्याचा कॉलम

कुवेतमध्ये दोन गोष्टी कितीही झाडल्या तरी साचतात. एक खिडकीतली धूळ आणि दुसरे आमच्या चौघांच्या फजितीचे किस्से. धुळीचं खापर निदान वाऱ्यावर फोडता येतं. किश्शांना जबाबदार आम्हीच!

चौघं म्हणजे रिफायनरीत सत्तावीस वर्षं डिस्टिलेशन कॉलम चालवणारे नाशिकचे साठेसाहेब, पुण्याचा प्लॅनिंग इंजिनिअर कुलकर्णी, मालवणकडचा पाइप फिटर तावडे आणि मी. दर शुक्रवारी अबू हलीफातल्या माझ्या फ्लॅटवर चहा ठरलेला.

अशाच एका शुक्रवारी साहेब म्हणाले, "पुढच्या वर्षी रिटायर होतोय. इकामा संपला, म्हणजे इथं राहायचा परवानाच संपला, की नाशिक. जन्मभर पेट्रोल आणि रॉकेल उकळलं. जाण्याआधी एकदा अमेरिकेत केंटकीला जाऊन बर्बन व्हिस्की काढतात तो तांब्याचा कॉलम बघायचाय!"

थेंबभर दारू न मिळणाऱ्या देशात बसून दारूच्या कारखान्यांची सहल! आणि साहेब स्वतः सुपारीसुद्धा खात नाहीत. पण एवढ्या वर्षांत त्यांनी आमच्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं होतं. आम्ही तिघांनी शब्द दिला. तिथेच चुकलं.

*

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या नावात बर्बन नको, असं सगळ्यांचं मत पडलं. देश असा, शिवाय साठेकाकू एकादशी करणाऱ्या. त्यांना कळलं तर संपलंच! कुलकर्णीनं डोकं लढवून नाव ठेवलं, 'सत्यनारायण पूर्वतयारी'.

चार दिवसांत काकूंनी ते साहेबांच्या फोनवर पाहिलं. "अय्या, मला सांगितलं कसं नाहीत?"

पुढचं आमच्या हातात राहिलंच नाही. काकूंनी गुरुजी शोधले, अब्बासियाहून तावडेचे सगळे रूममेट बोलावले, मला आणि बायकोला पाटावर बसवलं. माझ्या दोन खोल्यांत पन्नासेक पानं उठली! प्रसाद उत्तम झाला होता. केंटकी होती तिथेच राहिली.

*

मग कुलकर्णीनं ऑफिसच्या सॉफ्टवेअरवर शेड्यूल केलं. एकशे बेचाळीस अ‍ॅक्टिव्हिटीज! विमानतळावरच्या चहाला वीस मिनिटं, चप्पल-बुटांच्या निवडीला अर्धा दिवस.

मी दोनदा वरपासून खालपर्यंत वाचलं. "अरे, यात डिस्टिलरी कुठाय?"

"ती अजून टाकली नाही. स्कोप फ्रीझ व्हायचाय, म्हणजे काय काय करायचं ते पक्कं व्हायचंय."

*

तावडेला डिस्टिलरीशी देणंघेणं नव्हतं. त्याची एकच चौकशी, "थंय भात गावतलो मां?"

मिळेल म्हणालो. पुढच्या शुक्रवारी तो राइस कुकर, पाच किलो उकडा तांदूळ आणि सुके बांगडे घेऊन हजर. प्रवासाला अजून निदान सहा महिने होते! बांगडे माझ्या बाल्कनीत राहिले. बायको माझ्याशी आठवडाभर बोलली नाही.

*

शेवटी तारखा ठरल्या. मी तीन जणांच्या पाया पडून शिफ्ट बदलून घेतली. रजा मंजूर झाल्या. आणि तावडेनं भिंतीवरचं कॅलेंडर उलटलं. "ह्यो तर श्रावण! मी श्रावण पाळतंय. मी येवचंय नाय."

माझं डोकंच फिरलं. "अरे, कुवेतमध्ये बारा महिने श्रावणच असतो!"

तावडे शांतपणे म्हणाला, "तो सरकारचो. ह्यो माझो."

पुढे ढकललं तर गणपती, तावडे गावाला. मग पितृपक्ष, कुलकर्णी शुभकार्य करत नाही. (हे शुभकार्य?) मग नवरात्र. साहेब फक्त दर शुक्रवारी इकामा काढून तारीख बघायचे आणि पुन्हा खिशात ठेवायचे. ते बघवत नव्हतं.

*

दसऱ्यानंतरचा आठवडा पक्का केला. तेव्हा मी सहज विचारलं, "आपल्या अमेरिकन व्हिसाच्या अपॉइंटमेंटचं काय झालं?"

कुलकर्णीनं लॅपटॉप उघडला. "ती सत्त्याऐंशी नंबरला आहे. स्कोप फ्रीझनंतर."

अपॉइंटमेंट मिळत होती ती थेट पुढच्या वर्षाची, साहेबांचा इकामा संपल्यानंतरची! व्हिसा होता फक्त साठे दांपत्याकडे, कारण त्यांची मुलगी तिकडे असते. मला कुलकर्णीला बाल्कनीतून बांगड्यांसकट खाली टाकावंसं वाटलं.

साहेब म्हणाले, "राहू द्या रे. प्रयत्न केलात."

तेवढ्यात आत माझ्या बायकोशी गप्पा मारत बसलेल्या काकू बाहेर आल्या. "तांब्याचा प्लांटच बघायचाय ना? मी जाते यांच्याबरोबर."

प्लांट कसला, ते सांगायची हिंमत चौघांतल्या एकालाही झाली नाही.

*

केंटकीत सकाळ, आमच्याकडे संध्याकाळचा चहा. साहेबांचा व्हिडिओ कॉल आला. मागे दोन मजली उंच, लखलखीत तांब्याचा कॉलम. साहेबांनी गाइडला इतके प्रश्न विचारले की बाकीची मंडळी पुढे निघून गेली. मग त्यांनी पाइपवर हात ठेवला आणि कॉलमकडे पार वरपर्यंत बघितलं. इकडे तावडेनं डोळे पुसले.

गाइडनं दोन छोटे ग्लास आणले. साहेबांनी वास घेतला, मान डोलावली आणि ग्लास तसाच खाली ठेवला.

काकूंनी आपला ग्लास उचलला. आम्ही तिघं इकडून ओरडलो, "काकू, ते पाणी नाही!"

काकूंनी एक घोट घेतला. जिभेवर घोळवला. दुसरा घेतला.

"मागच्या खेपेपेक्षा बरी आहे," त्या म्हणाल्या.