शनिवारची डिस्क

आमच्या महाडच्या छोट्या इस्पितळात सर्व्हर सांभाळायचा तो महिपती. पेशंटच्या सगळ्या नोंदी त्यात. रोज संध्याकाळी तो एका डिस्कवर बॅकअप घ्यायचा आणि ती डिस्क फळीवर ठेवायचा. फळी त्याने स्वतः ठोकलेली, भिंतीवरच्या जुन्या पुराच्या खुणेपेक्षा हातभर वर. आम्ही महाडकर सगळेच त्या खुणेवर विसंबून, त्याला एकट्याला काय नावं ठेवायची? दुसरी डिस्क मात्र दर शनिवारी नर्स उज्वला डोंगरावर कुडपणला, आपल्या घरी न्यायची आणि तांदळाच्या डब्यात ठेवायची. त्यावरून आम्ही त्या दोघांची भरपूर थट्टा केली.

गुरुवारी पाणी आलं ते त्या खुणेच्याही वर गेलं. सर्व्हर गेला, फळीवरची डिस्क गेली, कागदांचा लगदा झाला.

चिखल उपसून झाल्यावर नवं मशीन आलं, कुडपणची डिस्क आली. महिपतीने बॅकअप इतकी वर्षं घेतले, पण त्यातून नोंदी परत उभ्या करून, रिस्टोअर करून, एकदाही पाहिलं नव्हतं. दोन दिवस तो धड जेवला नाही. डेटाबेस उभा राहिला तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. तो तारखा बघत होता. शनिवारनंतरचं त्यात काहीच नव्हतं.

पुढे एका मंगळवारी झुबेदा आली. पुराच्या आठवड्यात, सोमवारी ती आमच्याकडे बाळंत झाली होती आणि बुधवारी मुलगी गेली होती. घरही पुरात गेलेलं. मुलगी जन्मली होती एवढा कागद तिला हवा होता.

महिपतीने खरं ते सांगितलं. नोंद गेली, फळीवर भरवसा ठेवला, चूक माझी. मला वाटलं, बाई आता आकांत करणार.

"म्हणजे ती कुठंच नाय?" एवढंच तिने विचारलं. माझ्याच्याने तिच्याकडे बघवेना.

उज्वलाने डॉक्टरांना बोलावून आणलं. बाळाला तिनेच तोललं होतं. वजन, वेळ, सगळं तिच्या ध्यानात होतं. डॉक्टरांनी सही केली, महिपतीने रकाने भरले. नावाच्या जागी आमच्या रिवाजाप्रमाणे 'झुबेदाचं बाळ' लिहिलं.

"नाव ठेवलेलं तिचं," झुबेदा म्हणाली. "रिम्शा."

त्याने ते खोडून रिम्शा लिहिलं आणि कागद तिच्या हातात दिला.

ती गेल्यावर त्याने तीच नोंद मशीनमध्ये भरून लगेच बॅकअप घेतला. दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून पाहिला, पडद्यावर रिम्शाचं नाव दिसेपर्यंत उठला नाही. मग डिस्क पिशवीत घालून कुडपणची एसटी पकडायला निघाला. उज्वला म्हणाली, शनिवारी मी नेते की.

"शनिवार लांब हाय," तो म्हणाला.