तुटलेला तारा सांगू नये

आमच्या घरातले देव वडिलांनी धर्मांतरानंतर गोदावरीत सोडले. देवांबरोबर उपासतापास गेले, नवस गेले, अंगात येणंही गेलं. एक गोष्ट मात्र आईनं गुपचूप मागं ठेवून घेतली होती. तारा तुटताना दिसला, तर तोंडातून शब्द काढायचा नाही. तारा तुटला म्हणजे कुठंतरी कुणीतरी गेलं, आणि जो बोलून दाखवील त्याच्याच माणसावर ते बेततं. तीर्थपुरीकडच्या आमच्या गावात हे सगळ्यांना पाढ्यांपेक्षा पक्कं पाठ होतं.

त्यामुळे दर डिसेंबरात आकाशात ताऱ्यांची नुसती पळापळ व्हायची, सगळं गाव ती बघायचं आणि मूग गिळून बसायचं. प्रत्येकाला वाटे, हे आपल्या एकट्यालाच दिसलं.

एकाहत्तर साली लढाई सुरू झाली तेव्हा दादा फौजेत होता. कुठल्या सरहद्दीवर, ते आम्हाला ठाऊक नव्हतं. त्याचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालेलं. वडील संध्याकाळी पंचायतीच्या रेडिओपाशी जाऊन बसत आणि बातम्या घेऊन येत. त्यांत सगळं जग असे, दादा नसे.

मी नुकतीच शेजारच्या गावात मास्तरीण झाले होते. दिवसभर पोरांना शिकवून माझं भागत नसे, घरी आले की घरालाही शिकवायची.

त्या दिवसांत वहिनीचं जेवण सुटलं. आधी अर्धी भाकरी, मग चतकोर, मग नुसतं पाणी पिऊन उठायची. आई रागावायची, पुन्हा स्वतःच डोळे पुसायची. काळजी तर आम्हा सगळ्यांनाच होती. पण वहिनी दिवसेंदिवस वाळत चालली होती, आणि विचारलं की म्हणायची, ‘काई न्हाई, भूकच न्हाई.’

एका संध्याकाळी अंधार पडल्यावर आम्ही तिघी टमरेलं घेऊन वावराकडे गेलो होतो. अवस जवळ आलेली, त्यामुळे मिट्ट काळोख. परत येताना पूर्वेकडून एक तारा निघाला. सावकाश, अगदी बैलगाडीच्या चालीनं म्हणा ना, कापसावरून पार पलीकडे गेला. वहिनीनं पदर डोळ्यांवर ओढला. आईनं मान खाली घातली. बांधापाशी येईस्तोवर आणखी दोन गेले, आणि ही बाई का जेवत नाही ते माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं.

‘वहिनी, किती पाह्यले तू?’

‘ताई, बोलू नका ना, तुमच्या पाया पडते!’ ती रडायलाच लागली. ‘रोज तुटून राह्यले. रोज. म्या कुनाला सांगितलं न्हाई.’

मी आईकडे वळले. ‘आन् तू?’

‘मीबी पाह्यले,’ आई म्हणाली. एकाच चुलीपाशी बसणाऱ्या दोन बाया, एकाच माणसासाठी आतल्या आत मरत होत्या, आणि एकमेकींना सांगायची चोरी.

मग माझ्यातली मास्तरीण जागी झाली. आमच्या ट्रेनिंगच्या सरांनी एकदा आम्हाला गच्चीवर नेऊन हे दाखवलं होतं. हे तारे नव्हेतच, धूळ जळते. पृथ्वी दरसाल त्याच वाटेनं त्या धुळीतून जाते. शंभरेक वर्षं झाली, दूरदूरच्या देशांतले लोक थंडीत कुडकुडत ते मोजत आलेत. धूळ कुठून आली, ते मात्र तेव्हा कुणालाच सापडलं नव्हतं. सर म्हणाले होते, शोधून राह्यलेत. हे सगळं मी बांधावर उभी राहून, हातात टमरेल धरून सांगितलं. वहिनीच्या कानात त्यातला एक शब्द शिरला असेल तर शपथ.

‘गेल्या सालीबी तुटल्ते,’ आई एकदम म्हणाली. ‘टिपूर चांदनं व्हतं तरी दिसल्ते. तो सुट्टीवर आल्ता. ओट्यावर शेंगा खात बसल्ता, अन् ह्ये बराबर त्याच्या डोक्यावरून. म्या बोलले न्हाई. मंग काय झालं त्याला? लगीन झालं!’

रडता रडता वहिनीला हसू फुटलं.

घरी आल्यावर आईनं गरम भाकरी, पिठलं तिच्यापुढं ठेवलं. वहिनी पोटभर जेवली. आईही तिच्यासोबत जेवली. तारे दरवर्षी तुटतात म्हणून आमचा दादा सुखरूप आहे असं काही ठरत नव्हतं, हे मला तिथं ताटावर बसल्यावर कळलं. जन्मात पहिल्यांदाच मी शहाणपणा गिळून टाकला. दोघींची मला फार माया आली.

दादाच्या खुशालीचं कार्ड यायला पुढचा महिना उजाडला.

बऱ्याच वर्षांनी, आई गेल्यानंतर, मी वहिनीला चिडवलं, ‘त्या रात्री किती लवकर पटलं गं तुला!’

ती तुरीची डाळ निवडत होती.

‘पटलं कुठं, ताई? दरसाल तुटतात म्हनून मानूस वाचतो का? तेवढं मलाबी कळत व्हतं.’ तिनं एक खडा काढून बाजूला टाकला. ‘पर ताट देऊन आत्याबाई माझ्या तोंडाकडंच पाहत बसल्या व्हत्या. म्हनलं, मी जेवले म्हंजी त्यांना झोप तरी लागन.’