चरखी गुंडाळायची कुणी?

आमच्या पडवीत खुंट्यांवर तीन चरख्या टांगलेल्या असतात. घरी येणारा प्रत्येक पुरुष त्यातली एखादी उतरवतो, दांडा गरागरा फिरवतो, "बरी वस्तू आसा" म्हणतो आणि खटका न लावता परत टांगतो. मग आतली दोरी सैल पडते, वेटोळी एकमेकांत घुसतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला नाहीतर माझ्या जावेला तो गुंता सोडवत उन्हात बसावं लागतं. चरख्या आणून काही वर्षं झाली, पण भरशेतात चालत चालत दोरी गुंडाळताना आमच्या घरातला एकही पुरुष मी पाहिलेला नाही. दांडा फिरवून बघणारे मात्र पोत्यानं पाहिले.

ही चरखी म्हणजे पतंगाच्या फिरकीची थोरली बहीण. तिच्यावर पांढरी दोरी असते आणि त्या दोरीत पोलादाचे बारीक धागे विणलेले असतात. प्लास्टिकच्या खुंट्या रोवायच्या, त्यांच्या खाचांत ही दोरी अडकवायची आणि तिचं टोक झटका मशीनला जोडायचं. गाईचं नाक दोरीला लागलं की सणसणीत झटका बसतो. इजा काही होत नाही, पण गाय दुसऱ्यांदा नाक लावायला जात नाही. आतला चारा संपला की मशीन बंद करायचं, खुंट्या उपटायच्या, दोरी चरखीवर गुंडाळायची आणि सगळं लटांबर पुढच्या तुकड्यात नेऊन पुन्हा उभं करायचं. हे रोज.

इतका उपद्व्याप कशासाठी, असं मला शहरातले पाहुणे विचारतात. आमच्याकडे भात कापून झालं की गुरं मोकळी सोडायची पद्धत होती. सगळ्या गावाची शेतं रिकामी, सगळ्या गावाची गुरं त्यात, कुणाचं कुणाला काही नाही. आता त्याच शेतात भातानंतर कलिंगडं होतात, चवळी होते, मिरची होते. गुरं राखायला माणूस मिळत नाही, कारण राखणारे हात एकतर देवबागला पर्यटकांना होडीतून फिरवतायत किंवा गोव्याला गेलेत. माझा नवराही गोव्यालाच असतो, शनिवारी येतो, रविवारी मासे खातो आणि जातो. तेव्हा जी गुरं काल हक्कानं फिरत होती ती आज चोर ठरली. गुरांना हे कुणी सांगितलं नव्हतं.

आमची गाय एकदा कुणाच्या चवळीत, एकदा कुणाच्या मिरचीत गेली, आणि माझ्या थोरल्या दिरांनी जाहीर केलं, "आणि एक तक्रार इली की गुरां इकून टाकतलंय." भावजी हे जाहीर करतात ते माझ्याकडे बघून नाही. धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायचं नाही हा आमच्या घरातला जुना मान, म्हणून ते जावेकडे, म्हणजे स्वतःच्या बायकोकडे, तोंड करून मला बोलतात आणि मी जावेकडे तोंड करून त्यांना उत्तर देते. जाऊ मधे उभी राहून दोन्ही बाजूंचं ऐकते. त्या दिवशी मात्र तिचा चेहरा उतरला. या घरात तिचं स्वतःचं म्हणावं असं काही असेल तर ती ही गुरं. दोन गाई, एक पाडी आणि एक म्हातारा बैल. घर भावजींच्या नावावर, काजूची बाग त्यांच्या नावावर, स्कूटरसुद्धा त्यांच्या नावावर. गाई फक्त तिची हाक ओळखतात. पहाटे उठून ती आधी गोठ्यात जाते आणि मग चुलीकडे येते, हे मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून बघते आहे.

म्हणून मी हे सामान आणलं. माहितीपत्रकावर एक गोरा माणूस हिरव्यागार सपाट कुरणात एका हातात चरखी घेऊन हसत चालला होता. त्याला एकदा आमच्याकडे बोलवायला हवं होतं. आमचे कुणगे म्हणजे पायऱ्यांसारखी बारकी शेतं, प्रत्येकाच्या मधे मेर, म्हणजे हातभर उंच बांध, आणि मातीखाली वीतभरावर जांभ्याचा कातळ. खुंटीला खाली, पायानं दाबून रोवायचा, टोकदार खिळा असतो, तो कातळावर नाचतो. शेवटी आम्ही रंगाच्या रिकाम्या डब्यांत सिमेंट ओतून त्यात खुंट्या बसवल्या. ते डबे उचलून मेरेवरून मेरेवर न्यायचे आणि एका हातानं चरखी पोटाशी धरून दुसऱ्यानं दांडा फिरवायचा. खाऱ्या वाऱ्यानं दांड्याची खीळ गंजते, तिला खोबरेल पाजायचं. माझी कंबर आणि जावेचं मनगट, दोन्ही या चरख्यांनी खाल्लं. पण तक्रार बंद झाली. आमच्या कुणग्यांना लागून एका होडीवाल्याची कलिंगडं होती. मासेमारी थंडावली की तो हे पीक घ्यायचा. त्याच्या वेलांपासून चार पावलांवर आमच्या गाई मान खाली घालून चरत राहायच्या, पण दोरी ओलांडायच्या नाहीत. जाऊ मेरेवर बसून त्यांच्याशी बोलायची.

मग क्रिकेटची स्पर्धा आली. दर हिवाळ्यात कापलेल्या शेतात आमच्या गावचे बाप्ये मंडप घालून, भोंगे लावून क्रिकेट खेळतात. खेळा बापडे. त्या वर्षी मंडळाला सीमारेषेसाठी चांगली दोरी हवी होती, आणि भावजींनी आमच्या पडवीतली सगळ्यात लांब चरखी उचलून त्यांच्या हातात दिली. आम्ही दोघी तेव्हा गुरांना पाणी दाखवायला गेलो होतो. परत येऊन बघतो तर मधली खुंटी रिकामी.

"कोणाक दिलात?" जावेनं विचारलं.

"मंडळाच्या पोरांक. दोरीच ती. दोन दिवसांचो खेळ," भावजी म्हणाले.

दोरीच ती! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या दोरीवर त्यांनी स्वतःच जावेच्या गुरांचं भवितव्य टांगलं होतं, ती दोरी त्यांनी विचारल्याशिवाय चेंडू अडवायला देऊन टाकली. मी जावेकडे तोंड करून म्हणाले, "गुरां तवसर काय खाटीखाली बांधूची?" भावजींनी जावेकडे तोंड करून सांगितलं की बायकांनी प्रत्येक गोष्टीचा बाऊ करू नये. सामने संपेपर्यंत आम्ही गुरं गोठ्यात ठेवली आणि भारे कापून डोक्यावरून आणले. भोंग्यावरून चौकार ऐकू यायचे. प्रत्येक चौकाराला मी मनातल्या मनात एक शिवी देत होते.

चरखी परत आली ती भोपळ्यासारखी एका बाजूला फुगलेली. आम्ही ती सोडवली, दोरी पुसली. मधे एका ठिकाणी ती तुटून बांधलेली होती. जाळी विणायच्या नायलॉनच्या दोऱ्यानं घट्ट गुंडाळून, गाठ मारून, टोकं जाळून बसवलेली. आमच्या किनाऱ्यावर अशा गाठीकडे कुणी दुसऱ्यांदा बघत नाही. बादलीची कडी तुटली, खुर्चीची पट्टी तुटली, चपलेचा अंगठा तुटला, की तोच दोरा आणि तीच गाठ. आमच्या पाटाचा पायसुद्धा तसाच बांधलेला आहे. आम्ही दोरी खुंट्यांवर लावली, मशीन सुरू केलं, ते टकटक करायला लागलं, दिवा लुकलुकला, आणि आम्ही गाई रात्रभरासाठी आत सोडल्या.

सकाळी दोन्ही गाई आणि पाडी कलिंगडांत होत्या. पाडीच्या तोंडावर लाल पाणी ओघळत होतं. त्या वयाच्या पोराबाळांसारखी ती खूश होती.

गाई हाकलून आणल्यावर मी गवताची ओली काडी घेऊन दोरीला लावत लावत गेले. मशीनपासून त्या गाठीपर्यंत काडीतून हाताला टोचत होतं. गाठीच्या पलीकडे काही नाही. दोरीची दोन टोकं एकमेकांना भेटलेलीच नव्हती. मधे नुसता नायलॉन. झटका गाठीपर्यंत येत होता आणि तिथंच मरत होता. जावेला दाखवलं. आम्ही ती चरखी गुंडाळून घरी आणली.

घरी खळ्यात, म्हणजे अंगणात, माणसं बसलेली. कलिंगडवाला होडीवाला, तोही मंडळातलाच, आणि त्याच्याबरोबर मंडळाचे आणखी तिघेचौघे. त्यानं प्लास्टिकच्या क्रेटमधून फुटकी कलिंगडं आणून सारवलेल्या खळ्याच्या मधोमध ठेवली होती, मयत झाल्यासारखी. चपला बाहेर काढून सगळे अनवाणी, गंभीर चेहऱ्यानं बसले होते आणि आमच्या जावेनं आल्या आल्या चहा टाकावा अशी त्यांची अपेक्षा दिसत होती.

"तुमच्या गुरांनी माजी कलिंगडां खाल्ल्यानी," तो म्हणाला. "बायकांक गुरां आवरणत नाय तर ठेवतास कित्या?"

मंडळाच्या एकानं मान हलवली. या झटक्याबिटक्याचा काही उपयोग नसतो, असंही तो म्हणाला. भावजींनी एक शब्द विचारला नाही. गाई बाहेर कशा पडल्या, दोरी कुणाकडे होती, काही नाही. खिशातून फोन काढला आणि आमच्या देखत गुरांच्या दलालाला लावला. "फाल्यां येवन गुरां बघून जा," ते म्हणाले. उद्या. इतकं सोपं होतं ते. जाऊ दारात उभी होती, तिनं चौकट धरली. मला रडू आलं आणि त्या रडण्याचाही राग आला.

मी चरखी उचलली, खटका काढला आणि खळ्यातून दोरी ओढत नेली. माणसांनी पाय वर घेतले. गाठ बाहेर आल्यावर मी ती होडीवाल्याच्या समोर धरली आणि एवढंच विचारलं, "ही गाठ कोणाची?"

त्याचा चेहरा उजळला. "माजीच! स्कूटर गेली वरसून म्हणान तुटली. तुमची वस्तू तुटकी कशी देवची? हातान बांधलंय. समुद्रात टाकलास तरी सुटाची नाय!"

"खरा आसा," मी म्हटलं. "सुटाची नाय."

जाऊ आत गेली. मला वाटलं चहाला. ती झटका मशीन घेऊन आली. न्हाणीचं पाणी जातं तिथे अळवाच्या ओलीत तिनं अर्थिंगची सळी खुपसली, दोरीचं टोक जोडलं आणि बटण दाबलं. टकटक सुरू झाली.

"गाठीच्या पलीकडे हात लाव," ती होडीवाल्याला म्हणाली.

त्यानं लावला. काही झालं नाही. त्यानं आमच्याकडे असं बघितलं की बघा, आम्ही म्हणत नव्हतो? निकामी वस्तू.

"आता अलीकडे लाव."

त्यानं बिनधास्त लावला. अनवाणी पाय, ओलं सारवण. तो बसल्या जागेवरून असा उडाला की कलिंगडाच्या क्रेटमध्येच बसला. "आवशीक..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं आणि बाकीचं त्यानं बायका समोर आहेत म्हणून गिळलं.

मग सगळ्यांना कळलं. मंडळाची माणसं हसायला लागली. होडीवालाही हसला, हात झटकत. "चुकला," म्हणाला, पण क्रेटकडे बघून. भावजी हसले. एकमेकांच्या पाठीवर थापा मारून झाल्या. कलिंगडांचं जाऊंदे, कलिंगडं काय, होतच असतात, असं होडीवाला मोठ्या मनानं म्हणाला. भावजी त्याहून मोठ्या मनानं जावेकडे वळून म्हणाले, "बरां, मगे रवांदेत गुरां."

रवांदेत! राहू देत म्हणे, जणू उपकार करत होते. जी बाई घटकेपूर्वी चौकट धरून उभी होती तिला कुणी एका शब्दानं विचारलं नाही. त्यांच्यासाठी ती गंमत होती, मंडपात सांगायला एक गोष्ट झाली. मी तोंड उघडणार होते आणि जे निघालं असतं त्यानं घरातला सगळा जुना मान धुऊन गेला असता. पण जाऊ माझ्या आधी पुढे झाली. तिनं मशीन बंद केलं, खळाभर पसरलेल्या दोरीतून चालत होडीवाल्यापाशी गेली आणि चरखी त्याच्या मांडीवर ठेवली.

"गुंडाळ," ती म्हणाली.

तो हसला. ती हसली नाही. तो गुंडाळायला लागला. दोरी खुर्चीच्या पायात अडकली, तुळशीला अडकली, क्रेटखाली गेली. त्यानं दांडा भराभर फिरवला तशी दोरी एका बाजूला चढली. "एका बाजूक जमता. सोड आणि परत गुंडाळ," ती म्हणाली. त्यानं सोडली आणि परत गुंडाळली. आता कुणी हसत नव्हतं, आणि उठून जायची सोयही नव्हती, कारण दोरी सगळ्यांच्या पायांतून गेली होती.

भावजी हळूच उठून आत निघाले. तिनं पडवीतून दुसरी चरखी उतरवली आणि दारातच नवऱ्याच्या हातात दिली.

"गुरां खंयच जावची नाय," ती म्हणाली. "त्या माणसाक फोन करा, येव नको म्हणान सांगा. आणि फाल्यां सकाळी शेतात तुमी गुंडाळतालात."

भावजी चरखी धरून उभे राहिले. सवयीनं त्यांनी दांडा एकदा गरागरा फिरवला, माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि ती परत खुंटीला टांगायला गेले.

"खटको लावा आदी," ती म्हणाली.