अनुसयाबाईच्या दारातली कवायत

रहांगडाले गुरुजींना आयुष्यात एकदा तरी कुणीतरी मनापासून ‘साहेब’ म्हणावं, अशी फार हौस होती. हौसेला मोल नसतं म्हणतात. कुणाला बैलजोडीची असते, कुणाला सरपंचकीची. गुरुजींना साहेब व्हायचं होतं, आणि तोही कचेरीतला नव्हे, फौजेतला. दवनीवाड्याला वडिलांच्या बांध्यांवर उभं राहून धानावरचे पोपट हाकलता हाकलता त्यांचा आवाज असा तयार झाला होता, की पलीकडच्या शिवारातला माणूससुद्धा दचकून मागे बघायचा. पण भरतीत छाती कमी भरली आणि आवाजाला तिथे मार्क नव्हते. वडील जियालाल यांनी चार दिवस तोंडाला कुलूप लावलं, पाचव्या दिवशी डी.एड.ला पाठवलं, आणि हेमेंद्रचे रहांगडाले गुरुजी झाले.

पुढे बदली झाली ती थेट चिचगडच्या पलीकडे, जंगलाला लागून असलेल्या एका हायस्कुलात. बायको नीतू गोंदियातच राहिली. घरच्यांनी तोंडं पाडली, कारण त्या भागाचं नाव पेपरात यायचं ते नक्षलवादी आणि पोलिसांच्या चकमकींसाठी, हे सगळ्यांना माहीत होतं. ते दिवस आता सरले, असं जो तो म्हणायचा. गुरुजींना ते दिवस पेपरातूनच माहीत होते, त्यामुळे ते सरले हेही त्यांनी पेपरातूनच मान्य केलं होतं. शाळेत पाऊल ठेवल्या ठेवल्या त्यांनी कॅडेट पथक मागून घेतलं. खाकी अंगावर चढली की बुटका माणूस एकदम उंच दिसू लागायचा. पोरांना ते दम द्यायचे, "सावधान म्हणजे सावधान. समोर सख्खा बाप येऊन उभा राहिला तरी पापणी हलता कामा नये." पोरं भ्यायची, हसायची आणि शिकायची. मागे मात्र त्यांना गुरुजीच म्हणायची.

यंदा तालुक्यातल्या शाळांची कवायत स्पर्धा आपल्या मैदानावर भरवायचा मान गुरुजींनी अक्षरशः भांडून मिळवला होता. मंडप, लाऊडस्पीकर, चुन्याच्या रेघा, पाहुण्यांचे नारळ, बाहेरगावच्या पोरांचं जेवण, सगळं त्यांनी अंगावर घेतलं. ऐन वेळी मैदानच गेलं. खरेदी केंद्राचं गोदाम भरलं आणि धानाची पोती शाळेच्या मैदानावर येऊन बसली. स्पर्धेच्या आधी उचलतो, असा शब्द मिळाला, पण तोवर सराव कुठे करायचा? गुरुजींनी पथक रस्त्यावर काढलं. वर आणखी एक शक्कल लढवली. बाकीच्या शाळा हात हलवत चालणार, आपण बंदुका घेऊन चालायचं. बकाराम सुताराला त्यांनी लाकडी बंदुका करायला सांगितल्या. बकारामने जीव ओतून काम केलं, काळा रंग दिला, सायकलच्या ट्यूबचे पट्टे लावले. आणून देताना मात्र त्याने त्या बारदान्यात गुंडाळून, वर तणसाच्या पेंढ्या टाकून आणल्या. गुरुजी हसून म्हणाले, "चोरीचा माल आहे काय रे?" बकाराम हसला नाही. बैलगाडी रिकामी करून तो निघून गेला.

पथकाची कमांडर होती नववीतली टीना सलामे. अंगाने काडी, पण तिने हुकूम दिला की मागची रांग एका दमात वळायची. आपला आवाज हिच्या गळ्यात गेला, असं गुरुजींना वाटायचं, आणि त्यांचा तिच्यावर पोटच्या पोरीसारखा जीव होता. आठवडाभर ती शाळेच्या वसतिगृहात राहायची, रविवारी पळसटोल्याला आजीकडे जायची. आई-बाप लहानपणीच गेलेले. कशाने, असं कुणी विचारलं तर सांगायची, तापाने.

अडचण एवढीच होती की आजी हो म्हणत नव्हती. गुरुजी दोनदा जाऊन आले. अनुसयाबाईने अंगणात खाट टाकली, चहा दिला, घरच्या बोरांची ओंजळ पुढे केली. गप्पा सगळ्या झाल्या, पण कवायतीचा विषय निघाला की ती सुपातल्या धानाकडे वळायची.

"पोरगी शिकाले पाठवली गुरुजी, लेफराइट कराले नाई."

"अहो आजी, तुमची नात सगळ्यांच्या पुढे चालेल. लोक टाळ्या वाजवतील."

"पुढं चालनाऱ्याले कायले टाळ्या पाहिजे? तुमी बोरं खा."

गुरुजींनी बोरं खाल्ली आणि परत आले. म्हातारी अडाणी आहे, तिला कल्पना नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. ज्याला आपण समजून घेत नाही त्याला अडाणी ठरवणं सोपं असतं. आणि स्पर्धा तोंडावर आली तेव्हा त्यांना ती युक्ती सुचली. नवे गणवेश आले होते. रंगीत तालीम थेट पळसटोल्यात, अनुसयाबाईच्या दारातच घ्यायची. नात खाकीत, हातात बंदूक, मागे अख्खं पथक. म्हातारी पाहील आणि विरघळेल.

टीना म्हणाली, "सर, आजीले आधी सांगू काय? तिले अचानक आलेलं आवडत नाई."

"सांगितलं तर मजा काय राहिली?" गुरुजी म्हणाले.

पहाटे निघाले. धुकं असं दाट होतं की पुढच्याची टोपी मागच्याला दिसत नव्हती. मोहाच्या झाडांमधून डांबरी रस्त्यावर बुटांचा एकच ठेका घुमत होता आणि गुरुजींच्या अंगावर रोमांच उभे राहत होते. टोल्याच्या तोंडाशी बोडी, म्हणजे लहानसं तळं आहे, तिच्या पाळीवर, बांधावर, त्यांनी पथक थांबवलं. मागची रांग दाहिने मुड़ला चुकत होती. दारात जाऊन फजिती नको, म्हणून त्यांनी तिथेच ते वळण पुन्हा पुन्हा करून घेतलं. "दाहिने मुड़. बायें मुड़. शस्त्र नीचे." पोपटांवर तयार झालेला तो आवाज धुक्यातून टोल्यातल्या घराघरात जाऊन पोचत होता. चांगलं उजाडेपर्यंत हे चाललं. तेवढ्यात एका छपरातून धूर निघताना दिसला. लोक उठले, गुरुजी खूश झाले.

मग पथक टोल्यात शिरलं. सगळी दारं बंद होती. ज्या वस्तीत बाया कोंबड्याच्या आधी उठून शेणसडा टाकतात, तिथे एकही अंगण ओलं नव्हतं. एक कुत्रं भुंकलं, आणि घरातून कुणीतरी त्याचं तोंड दाबल्यासारखं मध्येच गप्प झालं. गुरुजींनी हे पाहिलं. थंडी फार आहे, असं मनात म्हणून पुढे गेले.

अनुसयाबाईच्या दारासमोर टीनाने हुकूम दिला, "थम." बूट एकदम वाजले. "सलामी शस्त्र." काळ्या बंदुका एकदम वर आल्या. गुरुजी बाजूला छाती काढून उभे राहिले आणि दाराकडे पाहू लागले.

दार उघडलं. अनुसयाबाई वाकून बाहेर आली. तिच्या हातात भात शिजवायचा मोठा गंज होता आणि त्यातून वाफ निघत होती. काखेत पळसाच्या पत्रावळी होत्या. तिने गंज जमिनीवर ठेवला, पत्रावळी त्याच्या बाजूला ठेवल्या, आणि सगळ्यांत पुढे जी उभी होती तिच्यासमोर येऊन हात जोडले. मान वर केलीच नाही. तिची नजर बुटांवर होती.

"साहेब, घरात कोनी नाई. मी एकटीच हाओ. भात शिजवला हाये. जेवा अन् जा."

साहेब. हा शब्द कानावर पडला आणि क्षणभर गुरुजींच्या छातीत, भरतीत कमी भरलेल्या त्याच छातीत, काहीतरी फुललं. हे खोटं सांगण्यात अर्थ नाही, फुललं. मग त्यांनी म्हातारीचे जोडलेले हात पाहिले.

म्हातारी थट्टा करत नव्हती. आपल्या नातीपुढे हात जोडून उभी होती आणि तिला नात दिसत नव्हती, खाकी दिसत होती. टीना सावधानमध्ये होती. तिचे डोळे समोर होते, हनुवटी वर होती, बंदूक छातीशी सरळ होती आणि गालांवरून पाणी वाहत होतं. तिने आजी म्हणून हाक मारली नाही. पापणी हलता कामा नये, हे तिला कुणी शिकवलं होतं ते गुरुजींना माहीत होतं.

फक्त विश्राम म्हणायचं होतं. आयुष्यभर ज्या आवाजाच्या जिवावर ते जगले, तो आवाज फुटेना. शेवटी ते पुढे झाले आणि कसंबसं पुटपुटले, "टीना, टोपी काढ, बेटा."

टीनाने टोपी काढली. टोपीत खोचलेल्या वेण्या खांद्यावर पडल्या. अनुसयाबाईने त्या लाल फिती पाहिल्या, मग चेहरा पाहिला. तिने नातीचं मनगट धरलं, तिला स्वतःच्या मागे ओढलं आणि पुन्हा गुरुजींच्या बुटांकडे बघत म्हणाली,

"हे माही नातीन हाये साहेब. हिले रस्ता मालूम नाई. हिच्या बापाले मालूम होता, त्याले तं नेलंच ना तुमी. हिले नका नेऊ."

मागच्या रांगेतल्या कुणाच्या तरी हातून बंदूक निसटून पडली. लाकडाचा आवाज झाला. गुरुजी गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी स्वतःची टोपी काढली. "आजी, मी रहांगडाले. शाळेतला. तुम्ही मला बोरं दिली होती."

तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग ती उंबऱ्यावर बसली. पोरांपैकी कुणी हललं नाही, कारण विश्राम अजून कुणी म्हटलंच नव्हतं.

"कोन होते मालूम नाई," ती जमिनीकडे बघत बोलू लागली. कुणी विचारलं नव्हतं. "दोनी कडचे येत. कपडे सारखेच, बूट सारखेच, भूक सारखीच. आवाज आला का मी भात टाको. त्या दिशी जेवले, अन् मनले, रस्ता दाखवाले चल. हिचा बाप पुढं चालत गेला, वापस नाई आला. पाहाटच होती, अशीच."

टीना म्हणाली, "आजी, तू तं ताप मनत होती."

"तापच मनाव लागे बाई. दुसरं काही मनलं तं इचारनारे येत."

बाजूच्या सावित्रीबाईचं दार बोटभर उघडलं आणि पोरांचे चेहरे बघून पुन्हा लागलं. गुरुजी हादरून गेले होते. त्या अंगणात त्यांनी दोनदा चहा घेतला होता आणि म्हातारीला काय काय समजावून सांगितलं होतं. ते सगळं त्यांना शब्दन् शब्द आठवलं. ‘तुमची नात सगळ्यांच्या पुढे चालेल,’ असं आपण हिला सांगितलं. पुढे चालणारा एकदा हिच्या घरातून गेला होता. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते गुरुजींना त्या दिवशी कळलं.

अनुसयाबाई उठली आणि पत्रावळी मांडू लागली. गुरुजी नको नको म्हणाले तर तिने मानेनेच त्यांना गप्प केलं. "शिजवला भात टाकाचा नसते. पोट्टे हायेत, खातीन." पोरं मांडी घालून बसली. मीठ-भात खाल्ला. नेहमी डब्यावरून मारामाऱ्या करणाऱ्या पोरांनी पत्रावळीवर एक शीतही ठेवलं नाही.

जेवणं झाल्यावर तिने पडलेली बंदूक उचलली आणि बोटाच्या पेराने ठोकून पाहिली. "लाकूडच हाये काय?"

"हो, आजी."

"मंग इथंच राहू द्या. चुलीले कामी येते."

गुरुजींनी मान हलवली. स्पर्धेत टीनाचं काय, हे विचारायची त्यांची छाती नव्हती. टीनानेच आजीसमोर दोन्ही तळवे उघडून धरले. "आजी, मी जातो. रिकाम्या हातानं चालतो. पाय तेवढे." म्हातारीने त्या तळव्यांकडे पाहिलं, हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. ती बंदुका गोळा करून आत घेऊन गेली. परतताना कुणी एक-दोन म्हटलं नाही. तरी पोरं रांगेतच चालली, सवय लागली होती.

स्पर्धा ठरल्याप्रमाणे झाली. पोती उचलली गेली, चुन्याच्या रेघा पडल्या, लाऊडस्पीकर ओरडला. परीक्षक म्हणून आलेल्या निवृत्त सुभेदारांनी विचारलं, "तुम्ही तर शस्त्र कवायत लिहून दिली होती. शस्त्रं कुठे आहेत?"

"चुलीत," गुरुजी म्हणाले. सुभेदारांना वाटलं, माणसाला कामाचा ताण झाला आहे.

टीनाने पथक चालवलं. रिकामे हात वर-खाली होत राहिले, मागची रांगही चुकली नाही. बक्षीस देवरीच्या एका शाळेला गेलं. गुरुजींनी आसपासच्या टोल्यांतल्या लोकांसाठी म्हणून खुर्च्यांच्या रांगा लावल्या होत्या. त्यांतल्या बहुतेक रिकाम्या होत्या. आधीचे गुरुजी असते तर म्हणाले असते, लोकांना कदर नाही. आता ते त्या खुर्च्यांकडे बघायचं टाळत होते.

दुपारी पंगत बसायच्या वेळेला फाटकातून अनुसयाबाई आली. धुवट लुगडं नेसली होती, डोक्यावर तोच गंज होता, वर पत्रावळ झाकली होती. गुरुजी धावत गेले. "आजी, एवढं चालत आलात? पोरांचं जेवण आहे की इथे. कशाला त्रास घेतला?"

तिने गंज खाली ठेवला. मैदानावर बसलेल्या खाकीतल्या पोरांवरून तिची नजर फिरली, टीनावर थोडी थांबली, आणि मग गुरुजींच्या बुटांवर आली.

"सारे जेवले काय, साहेब?"

गुरुजी तिथेच जमिनीवर बसले आणि बुटांच्या नाड्या सोडू लागले.